बाटली आडवी झाली, पुढे काय?

या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नसतं, पक्षाचं चिन्ह नसतं. दोनच चित्रं असतात: एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. गावातली बाई आत जाते, शिक्का मारते, बाहेर येते. आडव्या बाटलीवर पुरेसे शिक्के पडले, तर गावातलं परवान्याचं दारूदुकान सरकारला बंद करावं लागतं.

पुरेसे म्हणजे किती, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 सालचा आहे. त्याखाली 25 मार्च 2008 रोजी निघालेल्या आदेशानुसार गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. दुकान बंद व्हायला निम्म्याहून अधिक मतं लागतात, पण ती झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत, यादीत नाव असलेल्या एकूण महिलांच्या निम्मी. गावात दोन हजार महिला मतदार असतील, तर हजाराहून अधिक बायकांनी प्रत्यक्ष येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. जी आली नाही, तिचं मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात पडतं. सासरी गेलेली लेक, आजारी म्हातारी, पुण्याला कामाला गेलेली सून, सगळ्याच उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. नगर जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या गावांत तर दिवाळीच्या सुमाराला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. अशा गावात हिवाळ्यात मतदान ठेवलं तर निकाल आधीच ठरलेला. आमदार निवडून द्यायला एका मताचं आधिक्य पुरतं. एक दारूदुकान बंद करायला मात्र गावातल्या निम्म्याहून अधिक बायकांना उन्हातान्हात रांग लावावी लागते. ही अट अन्यायाची आहे आणि ती बदलायला हवी.

तरीही नगर जिल्ह्यातल्या बायकांनी हे करून दाखवलं आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी बोलण्यात अजून ‘नगर’च येतं. पारनेर तालुक्यातलं निघोज बाहेरच्यांना कुकडी नदीतल्या रांजणखळग्यांमुळे ठाऊक आहे. तिथल्या बायकांचा दारूविरुद्धचा झगडाही तेवढाच ठाऊक असायला हवा. अकोले तालुक्यातल्या राजूरला तर या आदेशाच्याही आधी, 2005 साली, दारूबंदी झाली. बंदीनंतर तिथे चोरून विक्री होत असल्याच्या तक्रारी येत राहिल्या आणि कार्यकर्त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. मतदानाचा निकाल लागला म्हणजे काम संपलं, असं कुठल्याच गावाला म्हणता आलेलं नाही.

या जिल्ह्याचा दारूशी झगडा या मतदानाहूनही जुना आहे. सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे 1975 साली राळेगणसिद्धीला परतले, तेव्हा गावात तीस-चाळीस हातभट्ट्या होत्या असं सांगितलं जातं. त्या भट्ट्या कशामुळे होत्या, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पारनेर हा अवर्षणाचा तालुका. पावसाचं पाणी उतारावरून वाहून जायचं, विहिरी कोरड्या, जमीन असून पीक नाही. ज्या घरात ज्वारी पिकत नव्हती, त्या घरात भट्टी पेटत होती. गाळणाराही गरीब आणि पिणाराही गरीब. अण्णांनी निवृत्तीचे पैसे घालून यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं, मंदिरात गाव गोळा केलं आणि देवासमोर दारू बंद करायचं ठरलं. बहुतेकांनी भट्ट्या आपणहून मोडल्या. पुढे तंबाखू, विडी, सिगारेटची विक्रीही गावात थांबली. त्याच सुमाराला नालाबंडिंग, पाझर तलाव, झाडं लावणं ही कामं सुरू झाली आणि भट्टी सोडलेल्या हातांना शेतात काम मिळालं. पाणी आलं नसतं तर ती दारूबंदी किती वर्षं टिकली असती, याविषयी मला शंका आहे.

हिवरे बाजारला हेच आणखी स्पष्ट दिसतं. नगर तालुक्यातलं हे गाव एकेकाळी इतकं बदनाम होतं की सरकारी कर्मचाऱ्याला तिथली बदली म्हणजे शिक्षा वाटायची. पोपटराव पवार 1989 च्या सुमाराला सरपंच झाले. नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने ग्रामसभेत स्वीकारली. दारूचे बावीस अड्डे बंद झाले. पण अड्डा बंद केलेल्या कुटुंबाने उद्या खायचं काय, हाही प्रश्न गावाने आपला मानला. गरीब कुटुंबांना बँक ऑफ महाराष्ट्रकडून कर्ज मिळवून दिलं, त्यात आधी दारू गाळणारी घरंही होती. दारूबंदीच्या भाषणांमध्ये हा तपशील सहसा गळून जातो. बंदीने अड्डा बंद होतो. तो पुन्हा उघडू नये याची सोय गोठ्यातल्या गाईने आणि विहिरीतल्या पाण्याने केली.

राळेगणच्या गोष्टीत एक भाग असा आहे जो टाळून पुढे जाता येत नाही. बंदीनंतरही जे पीत राहिले त्यांना समज दिली जायची, आणि तरीही ऐकलं नाही तर मंदिराजवळच्या खांबाला बांधून फटके दिले जायचे. अण्णांनी हे कधी लपवलं नाही, उलट आई आजारी लेकराला कडू औषध पाजते तसंच ते आहे असं समर्थनच केलं. त्या काळातली गावाची अगतिकता मी समजू शकतो. ज्या बाईने नवऱ्याचा मार वर्षानुवर्षं खाल्ला, तिला तो खांब न्यायाचा वाटला असेल. पण मला ते पटत नाही. माणसाची जाहीर विटंबना करण्याचा हक्क गावाला नाही, हे एक कारण. दुसरं कारण वैद्यकीय आहे, आणि ते प्रत्येक सरपंचाला, प्रत्येक बचतगटाला माहीत असायला हवं.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूभोवती स्वतःची घडी बसवतो. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू आपला वेग वाढवून ठेवतो. रोजच्या दारूत हा वेग झाकलेला राहतो. दारू एकाएकी थांबली की तो उघडा पडतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींचं भान हरपतं. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दिसतात, माणूस उठून पळू लागतो. गावात याला लगेच बाहेरची बाधा म्हणतात आणि देवऋष्याकडे नेतात. वैद्यकात याचं नाव डिलिरियम ट्रेमेन्स. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. रुग्णालयात ठरावीक गोळ्यांनी मेंदूचा वेग हळूहळू उतरवतात आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण दारूने शरीरातला त्याचा साठा संपवलेला असतो आणि तो संपला की स्मृती कायमची जाऊ शकते. चार दिवसांची ही वाट डॉक्टरच्या हाताखाली सुरक्षित पार पडते. खांबाला बांधून किंवा खोलीत कोंडून ती जिवावर बेतू शकते.

म्हणजे ज्या रात्री गाव भट्ट्या फोडतं, तिच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या सर्वांत जास्त पिणाऱ्या दहा-पंधरा माणसांना वैद्यकीय धोका सुरू होतो. ही माणसं शेजारच्या गावी जातात, किंवा मिळेल ते पितात. मिळेल ती दारू जीवही घेऊ शकते. नगर तालुक्यातल्या पांगरमलला फेब्रुवारी 2017 मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत, विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. तिथे ती फुकट वाटलेली दारू होती. निवडणुकीची दारू आणि भेसळीची दारू यांचा संबंध त्या घटनेने सगळ्या जिल्ह्याला दाखवला. भेसळीत मिथेनॉल असेल तर शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी नजर जाते आणि मग जीव. उमेदवाराने पाठवलेली बाटली परत पाठवणं हा व्यसनमुक्तीचाच भाग आहे, आणि निवडणुका आल्या की प्रत्येक गावाला तो करता येण्यासारखा आहे.

दुकान बंद करण्याची विद्या या जिल्ह्याला चांगली अवगत आहे. पिणाऱ्याला उभं करण्याची विद्या मात्र आपण गावापर्यंत आणलेली नाही. हे नगरपुरतं नाही. दिल्लीच्या एम्सने देशभर केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे 5.7 कोटी लोक भारतात आहेत. दारूचं अवलंबित्व जडलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार मिळणारे तर 180 मध्ये एक.

उरलेले काय करतात? नगरच्या कुठल्याही रस्त्याला भिंतींवर जाहिराती वाचा: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. चहात, भाजीत मिसळायची पावडर. हताश झालेली बायको ती आणते. अशा पुड्यांत काय आहे हे कुणी सांगत नाही. दारू नकोशी करणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिरम. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याच्या संमतीने ते उपयोगी पडतं. नकळत दिलं आणि तो बाहेरून पिऊन आला, तर हृदयाचा विकार असलेला माणूस मरूही शकतो. म्हणून कळकळीने सांगतो, नकळत काही देऊ नका.

महाराष्ट्रात वेगळी वाट दाखवली ती पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, शिरली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचटांनी. तिथे येणाऱ्याला रोगी किंवा बेवडा म्हणत नाहीत, रुग्णमित्र म्हणतात. तिथले अनेक समुपदेशक स्वतः एकेकाळी व्यसनात बुडालेले होते. समोर बसलेला माणूस खोटं कुठे बोलतोय, हे त्यांना पहिल्या वाक्यात कळतं, कारण तेच खोटं ते स्वतः बोललेले असतात. बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ गट आहे. नवऱ्याच्या पिण्याची लाज बाईने एकटीने वाहायची नाही, त्याच्या कामावर फोन करून ‘आज त्यांना ताप आहे’ असं खोटं सांगायचं नाही, त्याची उधारी फेडत बसायचं नाही, हे ती तिथे इतर बायकांकडून शिकते. व्यसनी बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. बाई पिते हे आपल्याकडे उच्चारायचीही चोरी आहे, त्यामुळे ती दवाखान्यापर्यंत पोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मुक्तांगणचा मुक्काम महिनाभराहून थोडा जास्त असतो. खरी परीक्षा त्यानंतर, गावी परतल्यावर. पारावरचे जुने मित्र तेच, संध्याकाळी सातची वेळ तीच, लग्नातली जीपमागची ‘बैठक’ तीच. दीर्घ आजारांच्या अभ्यासात दिसतं की मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण जितक्या वेळा पथ्य मोडतो, साधारण तितक्याच वेळा व्यसनातून बाहेर आलेला माणूस पुन्हा घसरतो. मधुमेही लग्नात जिलेबी खातो तेव्हा आपण त्याला गोळी वाढवायला सांगतो. सहा महिने कोरडा राहिलेला माणूस एकदा प्यायला की गाव म्हणतं, बघा, हा सुधारणाऱ्यातला नाहीच. ‘स्लिप’ झालेल्या माणसाला त्या दिवशी कोण भेटतं, शिव्या घालणारा की हात धरून पुन्हा डॉक्टरकडे नेणारा, यावर पुढचं बरंच ठरतं.

आपल्या परंपरेत यासाठी एक साधन आधीपासून आहे. ज्ञानेश्वरी ज्या जिल्ह्यातल्या नेवाशात सांगितली गेली, त्या जिल्ह्याला माळ म्हणजे काय ते सांगायला नको. तुळशीची माळ घातली की माणसाला कुणी दारूचा आग्रह करत नाही. ‘माळकरी आहे’ एवढे दोन शब्द पुरतात. मित्रांसमोर नाही म्हणताना लागणारं बळ ती माळ गावाच्या वतीने देते, शिवाय संध्याकाळी सात वाजता जायला भजनाची जागा देते. तिच्या भरवशावर अनेकांनी आयुष्यभर दारूला स्पर्श केला नाही. पण माळेने थरथर थांबत नाही, फिट टळत नाही. आणि ज्याच्याकडून माळ मोडते तो अपराधी होऊन दुप्पट पितो, तोंड लपवतो. माळ घालणाऱ्याला आधी दवाखाना दाखवावा आणि मोडली तर पुन्हा घालता येते असं त्याला सांगावं. वारकरी मंडळींनी हे मनावर घेतलं तर त्यांच्याइतकी पोच कुणाचीच नाही.

डॉक्टर कुठून आणायचे, असा प्रश्न येतो. मानसोपचारतज्ज्ञ शहरात बसतात, तेही मोजके. याचं उत्तर शेजारच्या गोव्यात मिळालं आहे. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी, स्थानिक माणसं होती. पिणाऱ्याशी जास्तीत जास्त चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास बोलायचं: किती पितोस, केव्हा पितोस, त्याने काय गमावलंस, कुठल्या वेळा टाळता येतील, नाही कसं म्हणायचं. तीन महिन्यांनी अशा बोलण्याचा लाभ मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीचाच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. शंभरातले दहा जास्त. ऐकायला हा आकडा लहान वाटतो, पण चार भेटींच्या बदल्यात गावातली दहा घरं सावरत असतील तर तो लहान नाही. ज्यांना पक्कं अवलंबित्व जडलं आहे त्यांना मात्र वैद्यकीय उपचारच लागतात, एवढी मर्यादा लक्षात ठेवायची.

ही रीत नगरला परकी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर आणि दलित कुटुंबातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या बायकांनी बाळंतपणं सुखरूप केली, कुष्ठरोग्यांना घरात परत आणलं, कुपोषण कमी केलं. सगळं जग ते पाहायला जामखेडला येत राहिलं. जी बाई कुष्ठरोग्याच्या दारात न घाबरता बसू शकली, तिची लेक-सून आज आशा कार्यकर्ती म्हणून दारुड्याच्या दारात बसू शकते. तिला प्रशिक्षण द्या, त्या कामाचा वेगळा मोबदला द्या. गळ्यात अजून एक फुकटचं काम अडकवू नका.

तंबाखूविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात प्रौढांपैकी साधारण चौथा हिस्सा लोक तोंडात ठेवायच्या तंबाखूचं सेवन करतात, आणि खेड्यांत मिशरी लावणाऱ्या आज्यांना आपण व्यसनी समजतच नाही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि 2003 च्या केंद्रीय कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला मनाई आहे. पण हे पाळलं जावं म्हणून आग्रह धरणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते, ते नगर शहराने ऑक्टोबर 2023 मध्ये पाहिलं. शाळेजवळच्या टपऱ्यांविरुद्ध उभे राहिलेले मुख्याध्यापक आणि लेखक हेरंब कुलकर्णी यांच्यावर भर रस्त्यात लोखंडी रॉडने हल्ला झाला. असा हल्ला एकट्या माणसावर होतो. तक्रारीच्या अर्जावर शाळेतल्या दोनशे पालकांच्या सह्या असत्या, तर रॉड कुणाकुणावर उगारणार होते? कायदा पाळून घेण्याचं काम एका शिक्षकावर सोडून आपण सुरक्षित अंतरावर उभे राहतो, हे मला अतिशय खुपतं.

गांजा, झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधं यांच्या नादी लागलेल्या मुलांचे आईबाप पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. त्यांनी हे लक्षात ठेवावं: 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम 64 अ, स्वतःच्या सेवनासाठी थोडा माल बाळगणारी व्यसनी व्यक्ती आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण देतं. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाची गणना मानसिक आजारात होते, म्हणजे तिथले रुग्णाचे हक्क व्यसनी माणसालाही लागू आहेत. मारहाण करणारं, साखळीने बांधणारं, नातेवाइकांना भेटू न देणारं कोणतंही ‘केंद्र’ बेकायदा आहे, मग त्याची फी कितीही असो.

येत्या ग्रामसभेत दारूबंदीचा ठराव येईल तेव्हा त्याच्याच खाली आणखी दोन ओळी लिहून घ्या. पहिली, गावातल्या जास्त पिणाऱ्यांची प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी दुकान बंद होण्याआधी होईल. दुसरी, सोडलेल्यांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ समाजमंदिर किंवा शाळेची खोली उघडी राहील. त्या खोलीला पैसा लागत नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका जगभर अशाच साध्या खोल्यांत फुकट चालतात, आणि घरच्या माणसांसाठी अल-अनॉनच्या बैठकाही. खोली उघडायला एक माणूस मात्र दर आठवड्याला न चुकता हवा. तोवर ज्या घराला आजच मदत हवी आहे त्यांनी 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक किंवा 14416 ही टेलिमानस सेवा फिरवावी. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. बायको, आई, भाऊ, शेजारी कुणीही करू शकतो.